किलिमांजारो आणि सफारी : एका बॅगेत दोन प्रवास भरताना या चुका टाळा

टांझानियाला जाणारे अनेक मराठी ट्रेकर किलिमांजारोची चढाई आणि तिला जोडून टारांगिरे, गोरोंगोरो, सेरेंगेटीची सफारी असा बेत आखतात. या दोन्ही प्रवासांचे सामान परस्परविरुद्ध स्वभावाचे असते. तरीही ते चाकांच्या एकाच मोठ्या सूटकेसमध्ये कोंबले जाते आणि बहुतेक अडचणींची सुरुवात तिथूनच होते. डोंगरावर तुमची बॅग पोर्टर डोक्यावर वाहून नेतो. त्याच्या ओझ्याची मर्यादा 20 किलो आहे व त्यात त्याचे स्वतःचे सामानही धरले जाते, म्हणून तुमच्या वाट्याला साधारण 15 किलो येतात आणि बॅगही मऊ डफलच, म्हणजे चाके नसलेली लांबट कापडी बॅग, लागते. सेरेंगेटीला छोट्या विमानाने जाणार असाल, तर तिथेही बहुधा हाच नियम असतो. त्यामुळे घरूनच तीन वाटे करावेत : पोर्टरकडे द्यायची डफल, पाठीवरची 30 लिटरची सॅक आणि मोशी किंवा आरुशा या शहरांतल्या हॉटेलात ठेवून जायचे सफारीचे कपडे.

सर्वांत महागात पडणारी चूक बुटांची. नवे बूट चावतात हे सगळ्यांना ठाऊक असते. जुने बूट दगा देतात हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तळव्यातील पॉलियुरेथेन फोमचा थर हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या दमट हवेत चार-पाच वर्षे कपाटात पडून राहिलेला, वरून धडधाकट दिसणारा बूट चढाईच्या दुसऱ्याच दिवशी तोंड उघडू शकतो. निघण्यापूर्वी महिनाभर आधी तळवा वाकवून आणि अंगठ्याने दाबून पाहावा, भेगा दिसल्या तर बूट बदलावेत आणि पाठीवर वजन घेऊन सह्याद्रीत दोन-तीन ट्रेक करून घ्यावेत. वाटेत तळवा सुटलाच तर डक्ट टेपचे वेढे देऊन काम भागते. ती टेप ट्रेकिंग पोलभोवती गुंडाळून न्यावी, वेगळी जागा लागत नाही. विमानप्रवासात बूट पायातच असावेत. बॅग उशिरा आली तरी स्लीपिंग बॅग आणि जाड जॅकेट मोशीत भाड्याने मिळते. पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत. माचामे मार्गाने शिखरदिनी 5895 मीटरवरून सुमारे 3100 मीटरपर्यंत उतरायचे असते, तेव्हा पायाची नखे वाढलेली असतील तर ती काळीनिळी पडतात. नेलकटर विसरू नये.

कपड्यांत आपल्याला नडते ती सह्याद्रीची सवय. सुती टी-शर्ट आणि वर विंडचीटर एवढ्यावर आपण अख्खा पावसाळा काढतो, पण किलिमांजारोच्या मरांगू मार्गाचे प्रवेशद्वारच 1646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा उंच आहे आणि शिखराच्या रात्री पारा उणे 10 अंशांखालीही जातो. घामाने भिजलेला सुती कपडा तिथे अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून आत घाम सुकवणारा थर, मध्ये फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड) किंवा डाऊन (पिसे भरलेले जॅकेट), बाहेर वारा-पाऊस अडवणारे कवच अशी रचना हवी. पाय गार पडतात म्हणून घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड चढवणे हा उलटा उपाय आहे, कारण रक्तप्रवाह दबला की बोटे आणखी बधिर होतात. एकच जाड लोकरी मोजा आणि बोटे हलतील एवढी जागा ठेवावी.

शिखराच्या रात्री हायड्रेशन पॅकची, म्हणजे सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची, नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर फुंकून नळीतले पाणी मागे ढकलावे आणि सोबत रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळे राहते. मोबाइल आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत अंगाजवळ ठेवाव्यात. चॉकलेट दगडासारखे होते. राजगिऱ्याचा लाडू मात्र फुटतो, आणि उंचीवर भूक मेलेली असताना आवळासुपारी तोंडाला चव आणते.

सफारीसाठी गडद निळे आणि काळे कपडे टाळावेत, कारण त्सेत्से माशी याच रंगांकडे ओढली जाते आणि तिचा डंख पातळ कापडातूनही लागतो. खाकी किंवा करडा रंग बरा. सैनिकी नक्षीचे कपडे मात्र आफ्रिकेतील अनेक देशांत सामान्य माणसाने घालणे बेकायदा आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने सगळे गरम कपडे हॉटेलात ठेवू नयेत : गोरोंगोरोचा कडा सुमारे 2300 मीटरवर आहे आणि उघड्या छताच्या जीपमध्ये पहाटे दात वाजतात. दुर्बीण घरटी एक नव्हे, माणशी एक हवी. बिबट्या झाडावरून उतरेपर्यंत चौघांत एक दुर्बीण फिरवण्याइतका संयम कोणत्याही कुटुंबात नसतो.

कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून भरण्याची सवय मोडावी लागेल, कारण टांझानियात 1 जून 2019 पासून अशा पिशव्या आणण्यास पर्यटकांनाही बंदी आहे. महाराष्ट्रातही 2018 पासून बंदी आहे, तरी घरोघरी ‘पिशव्यांची पिशवी’ असतेच! त्याऐवजी कापडी किंवा जलरोधक ड्राय बॅगा वापराव्यात.

सफारीत केनियाचाही समावेश असेल, तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरले जाते आणि ते नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. प्रमाणपत्राचे हे पिवळे पुस्तक पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेतच ठेवावे, कारण मुंबईत उतरल्यावर त्याची विचारणा होते तेव्हा तुमची डफल पट्ट्यावर यायची असते.