सायलेंट हंटर ३: अडकलेलं वादळ कसं सोडवायचं

या पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेममध्ये वारा सेकंदाला १५ मीटरवर (ताशी ५४ किलोमीटर) अडकला, म्हणजे वादळ हटेचना, की डेकवरची तोफ चालवता येत नाही. पाणबुडी बंदरात असतानाच ‘एमआयएस’ प्रकारची मिशन फाइल (गेममधल्या मोहिमेची फाइल) नोटपॅडमध्ये उघडा. आधी कॉपी काढून ठेवा. धुळे-भुसावळकडे लाइट कधी जाईल, नेम नाही. ‘वेदर’ विभागात ‘विंडस्पीड’ ५ ते ७ ठेवा. ‘विंडरँड’ १ म्हणजे बदलता वारा, ० म्हणजे कायम. दोन बदलांमधला वेळ ‘वेदररँडइंटरव्हल’ ठरवतो. फार कमी केलात तर वादळ सारखं येतं-जातं, खोटं वाटतं.

तरी फरक दिसेना? गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर विंडोज बदललेली फाइल भलत्याच फोल्डरात ठेवू शकतं. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर टाका. धुकं मात्र राहू द्या, त्याशिवाय उत्तर अटलांटिक कसला!