डेस्कटॉप दुरुस्तीची पेटी भरताना या चुका टाळा

डेस्कटॉप दुरुस्त करायला शंभर नगांचा संच लागत नाही. इंदूरला जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये असे संच स्वस्तात मिळतात, पण त्यातली बहुतेक टोकं डब्यातून कधी बाहेरच येत नाहीत आणि रोज लागणारी नेमकी मऊ निघतात. त्याच पैशांत एस२ या कडक पोलादाचे दोन चांगले स्क्रूड्रायव्हर घ्या. कॅबिनेट, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा) आणि मदरबोर्डसाठी पीएच२ मापाचा फुलीच्या टोकाचा (दांडी साधारण १५० मिमी, टोक चुंबकीय) आणि बारीक स्क्रूंसाठी त्याहून लहान पीएच१. पीएच२ च्या स्क्रूवर पीएच१ चालवला की टोक खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावताच वर सरकतं आणि माथा गुळगुळीत होतो.

सगळे स्क्रू एकाच डबीत

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. कॅबिनेट, एसएमपीएस आणि ३.५ इंची हार्डडिस्कला ६-३२ मापाचे स्क्रू लागतात. त्यांचे आटे जाड, विरळ असतात. २.५ इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हला एम३ लागतो, त्याचे आटे बारीक, दाट. दोन स्क्रू शेजारी धरले तर फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. ६-३२ चा स्क्रू एसएसडीत रेटला की दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच घट्ट होतो. तिथे थांबला नाहीत तर भोकातले आटे कापले जातात. उलट एम३ चा स्क्रू हार्डडिस्कच्या भोकात नुसता फिरत राहतो, पकड घेत नाही. एम.२ एसएसडीचा (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा) स्क्रू त्याहून लहान, एम२ मापाचा. तो हरवला की मिळेपर्यंत काम अडतं, म्हणून चार-पाच जास्तीचे ठेवा. झाकणाच्या कप्पेदार डबीत प्रत्येक माप वेगळं ठेवा आणि झाकणावर नाव लिहा.

पितळी स्टँडऑफसाठीही (मदरबोर्डला कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या खुंट्या) एक कप्पा हवा. बोर्डात जिथे भोक नाही तिथे कॅबिनेटवर जास्तीचा स्टँडऑफ राहिला, तर तो खालून बोर्डाला टेकतो, शॉर्ट होतो आणि मशीन सुरूच होत नाही. बोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ आणि भोकं जुळवून पाहा.

मल्टिमीटर चुकीच्या भोकात

करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच राहतो आणि कोणी त्यानेच व्होल्टेज मोजायला जातं. तो सरळ शॉर्ट असतो. काम संपलं की प्रोब व्होल्टच्या भोकात परत लावूनच मीटर पेटीत ठेवा. मीटरची बॅटरी उतरली असेल तर आकडे चुकतात, तेव्हा स्क्रीनवरची बॅटरीची खूण आधी पाहा.

मदरबोर्डला जाणाऱ्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडून एसएमपीएसचा पंखा फिरला, एवढ्यावर तो चांगला ठरत नाही. मशीन चालू असताना, म्हणजे लोडवर मोजा: पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. काही एसएमपीएसमध्ये सगळ्या तारा काळ्या असतात, तिथे पिन मोजूनच काम करा.

सुट्या मॉड्युलर केबल

जुन्या एसएमपीएसच्या सुट्या (मॉड्युलर, म्हणजे दोन्ही टोकांनी काढता येणाऱ्या) केबल "लागतील कधी" म्हणून पेटीत टाकू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचीही वेगळी असते. केबल बसते छान, पण ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्डडिस्क जळते. ठेवायच्याच असतील तर ज्या एसएमपीएसच्या आहेत त्याचं नाव चिकटवून त्याच्याबरोबर ठेवा. साटा डेटा केबल मात्र कुठलीही चालते.

बाकी

मे महिन्यात इथली हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज साचते. प्लग काढा, मनगटाला बांधायच्या अँटिस्टॅटिक पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. रंगावर लावली तर उपयोग नाही. थर्मल पेस्ट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पेस्टमधलं तेल वेगळं होतं, अल्कोहोल तर ज्वालाग्राही आहे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, भन्नाट फिरवली तर बेअरिंग खराब होतं.

साटा-ते-यूएसबी अडॅप्टर घेताना त्याच्यासोबत १२ व्होल्टचा चार्जर आहे का बघा. नसेल तर त्यावर एसएसडी चालेल, ३.५ इंची हार्डडिस्क फिरणारच नाही.