पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून थर्माकोल लावायचाय? मग आधी हे बघा

नागपूर-अकोल्याकडची जुनी घरं, नऊ इंची विटांची भिंत, त्यात पश्चिमेची बाजू. मे महिन्यात दुपारभर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत आत आग ओकत राहते, मग कूलर कितीही मोठा आणा. इन्सुलेशन बाहेरूनच करा. आतून केलं की खोली लहान होते आणि भिंत तापायची ती तापतेच. सगळ्या भिंती करत बसू नका, पश्चिमेची आधी. आणि गच्चीला काहीच केलेलं नसेल तर पहिले पैसे तिकडे, चुना मारा नाहीतर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून केलेली फरशी) करा, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन गच्चीवरच पडतं.

काम दिवाळीनंतर काढा, भिंत नीट वाळलेली पाहिजे. हातोडीने ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर पाडून नवीन करा, पाइप गळत असेल तर तोही आधीच, नाहीतर ओल आत कोंडते. मातीची किंवा चुन्यात बांधलेली भिंत असेल तर थर्माकोल नकोच, तिला चुन्याचंच प्लास्टर बरं.

थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातला चालत नाही, 20 डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला 20 किलो), फायर रिटार्डंट (सहज पेट न घेणारा) मागा, जाडी दोन इंच. एवढाच थर त्या नऊ इंची भिंतीच्या चौपट तरी उष्णता अडवतो. खालचा दीड-दोन फूट मात्र एक्सपीएस (पाणी फारसं न शोषणारी दाट फोमची शीट) लावा, पावसाचे शिंतोडे तिथेच उडतात.

आता खरी मेख. मिस्त्री शीटला मधे गमचे चार गोळे लावून मोकळा होतो, मागे हवा खेळते आणि फायदा कमी होतो. चारही कडांना सलग पट्टा आणि मधे गोळे असंच चिकटवून घ्या, समोर उभं राहून. सांधे विटांसारखे मोडते ठेवा, फटीत थर्माकोलचेच तुकडे, सिमेंट नाही. गम वाळला की छत्रीवाले प्लास्टिक अँकर, चौरस मीटरला पाच-सहा, विटेत दोन इंच तरी गेलेले.

मग बेस कोट (थर्माकोलवर द्यायचा सिमेंटचा पातळ थर), तो ओला असतानाच फायबरग्लासची जाळी दाबायची, चार इंच ओव्हरलॅप, वर परत एक हात. खिडकीच्या कोपऱ्यांवर जाळीचा तिरका तुकडा जास्तीचा लावा, भेगा पडतात त्या तिथूनच. थर्माकोल उघडा कुठेच दिसता कामा नये, उन्हाने भुगा होतो नि उंदीर-खारी आहेतच. वरून फिक्का रंग. एसीचा स्टँड थर्माकोलवर टांगायचा नाही, लांब बोल्ट थेट विटेत जाऊ द्या.