आरमार, नौदल की नौसेना? कुठे काय लिहायचं

भाचीने शाळेच्या वहीत "शिवाजी महाराजांचं नौदल" आणि खाली "आजचं भारतीय आरमार" असं लिहिलं होतं. अर्थ कळतो, पण दोन्ही शब्द जागा बदलून बसलेत. तिला जसं समजावलं तसंच इथे लिहितोय.

आधी शब्द फोडून बघा. नौ म्हणजे नाव, जहाज. संस्कृत शब्द आहे, लॅटिनमधला नाविस त्याचाच भाऊबंद आणि त्या नाविसवरूनच पुढे नेव्ही आलं. (हिंदीतल्या नऊवाल्या नौशी याचा काही संबंध नाही, मुलं तिथे हमखास गोंधळतात.) म्हणून नौदल म्हणजे देशाचं समुद्रावर लढणारं सैन्य, पण नुसती जहाजं नाही हं, पाणबुड्या, विमानं, गोदी, किनाऱ्यावरचे तळ, ट्रेनिंग सेंटरं सगळं त्यात येतं. आयएनएस (म्हणजे इंडियन नेव्हल शिप) नाव असूनही आयएनएस शिवाजी लोणावळ्यात आहे, डोंगरात, कारण ते जहाज नाहीच, तिथे नौदलाचं इंजिनिअरिंगचं ट्रेनिंग चालतं.

आरमार हा शब्द पोर्तुगीजांच्या आर्मादावरून आला. ज्यांच्याशी आपण समुद्रात लढलो त्यांचाच शब्द मराठीत इतका मुरला की आज तो ऐकला की पहिले सिंधुदुर्ग आठवतो, मला हे फार आवडतं. तर बोलताना सरखेल कान्होजी आंग्रे, गुराबा, गलबतं (त्या काळची जहाजं) असं काही आलं की डोळे मिटून आरमार लिहा. आयएनएस, पाणबुडी, ४ डिसेंबरचा नौदल दिन (१९७१ ला आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला त्याची आठवण म्हणून) असं आलं की नौदल. नौसेना चुकीचं नाही, पण ते हिंदीत जास्त चालतं, मराठीत नौदलच बरं वाटतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, मर्चंट नेव्ही. नावात नेव्ही आहे म्हणून लोक "मुलगा नौदलात आहे" सांगतात, पण ती मालवाहू आणि प्रवासी जहाजांवरची नोकरी, बहुतेक खाजगी कंपन्यांची, तिचा सैन्याशी संबंध नाही. कोकणात "बोटीवर असतो" म्हणतात ना, ते एकदम बरोबर. तटरक्षक दल पण वेगळं, संरक्षण मंत्रालयाखालीच आहे पण नौदलाचा भाग नाही. जहाज पांढरं आणि त्यावर तिरपा पट्टा दिसला की तटरक्षक, राखाडी लढाऊ जहाज दिसलं की नौदल, मुंबईत समुद्रावर गेलात तर मुलांना दाखवा, लगेच लक्षात राहतं.

आणि लिंग सांभाळा: ते आरमार, ते नौदल, पण ती नौसेना, ती नेव्ही. "भारतीय नौदलाने सराव केला" आणि "मराठ्यांच्या आरमाराने हल्ला केला", अशी दोन वाक्यं मुलांकडून लिहून घ्या.