कॅन्सर पेशंटची रेल्वे सवलत: खिडकीवरून फॉर्म परत येत असेल तर

आईच्या किमोसाठी दर तीन आठवड्यांनी सोलापूर ते मुंबई. सवलतीचा कागद पुढे केला की उत्तर ठरलेलं, "हा चालत नाही." ॲपवर ही सवलत मिळतच नाही. साध्या लेटरहेडवरची चिठ्ठी चालली नाही, गावच्या डॉक्टरांची सहीही नाही. तीन खेपा पूर्ण भाडं भरलं. तिसऱ्यांदा रांगेतच रडू आलं.

सुटलं ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात. तिथल्या ताईंकडून आधी रेल्वेचा ठरावीक नमुना घेतला. त्यात नाव-वय आधारवर आहे तसंच (आमच्या केसपेपरवर वय चार वर्षांनी जास्त होतं, ते अगोदर दुरुस्त केलं). मग 'कुठून-कुठे'त नुसतं मुंबई नव्हे, उतरायचं स्थानक: दादर. त्यानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का आणि हॉस्पिटलचा गोल शिक्का. आमचा पुसट उठला होता. ताईंनी परत पाठवून ठळक मारून आणायला लावला. परतीचा फॉर्म त्याच वेळी वेगळा भरून घेतला. मग थेट आरक्षण खिडकी.

स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला १०० टक्के, सोबत्याला ७५ टक्के सूट असते. सोबत्याचं तिकीट त्याच अर्जावर काढा.