अंगावरून वारं गेलं, तर आधी घड्याळ बघा
आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घरी आप्पांच्या तोंडातून चहा एका बाजूने ओघळला, डावा हात उचलेना. आम्ही तेल चोळत बसलो. दोन तास गेले, ते अजून मनाला लागतं.

हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला लावा, एक वाक्य बोलवून घ्या. एक जरी बिघडलं तरी 108 लावा. फोनवर 'लकवा होडदैती' (लकवा मारलाय) एवढं कन्नड पुरतं. शेवटचे धडधाकट कधी दिसले, ती वेळ कागदावर लिहा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा तेव्हापासून साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल तर. म्हणून घरातली रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन नको. पाणीसुद्धा नको, श्वासनलिकेत जातं. स्कॅनची सोय असलेलं बेळगावचं इस्पितळ गाठा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.