परसातल्या मोकळ्या कोंबड्यांना काय, किती आणि कधी घालावे

कोंबड्या दिवसभर टिपत असतात, म्हणून त्यांना वेगळे खाद्य लागत नाही, असे समजून राहिले की अंडी कमी होतात. याच्या उलट चूकही तितकीच होते. सकाळी सोडतानाच ओंजळभर ज्वारी फेकली की कोंबड्या उकिरडा उकरायचे सोडून दारातच घुटमळत राहतात. परसात जे मिळत नाही तेवढेच आपण घालायचे, आणि तेही संध्याकाळी.

अंड्यावरच्या गावरान कोंबडीला दिवसाला साधारण 80 ते 100 ग्रॅम खाद्य लागते. गिरिराज, वनराज यांसारख्या जड कोंबड्यांची गरज 120 ग्रॅमपर्यंत जाते. त्यातले परसातून किती मिळेल, हे हंगामावर ठरते. पावसाळ्यात किडे, गांडुळे आणि कोवळा पाला मुबलक असतो, त्यामुळे संध्याकाळी 30 ते 40 ग्रॅम मका किंवा ज्वारीचा भरडा भागतो. सुगीत खळ्यावर दाणे सांडलेले असतात, पण किडे कमी होतात. तेव्हा धान्य वाढवून उपयोग नाही, पेंड द्यायला हवी. एप्रिल-मेमध्ये जमिनीवर फारसे काही उरत नाही. तेव्हा प्रत्येकी 60 ते 70 ग्रॅम खाली दिलेले पूर्ण मिश्रण द्या आणि ते सकाळ-संध्याकाळ असे दोनदा विभागा, कारण उन्हाच्या वेळी कोंबडी फारसे खात नाही. एका वाटीत किती ग्रॅम मावते ते एकदा तराजूवर पाहून ठेवा, म्हणजे रोज अंदाजाने घालावे लागणार नाही.

10 किलो मिश्रणासाठी:

- मक्याचा भरडा 5 किलो 800 ग्रॅम
- तांदळाचा बारीक कोंडा 1 किलो 800 ग्रॅम
- सोयाबीन पेंड 2 किलो 200 ग्रॅम
- कोंबड्यांसाठीचे मिनरल मिक्श्चर (खनिजांची पूड) 160 ग्रॅम
- मीठ 40 ग्रॅम

यात प्रथिने 17 टक्क्यांच्या आसपास येतात. मिनरल मिक्श्चर आणि मीठ आधी किलोभर कोंड्यात नीट कालवा, मग बाकीच्यात मिसळा. थेट टाकले तर मीठ एका जागी साचते आणि ते पिल्लांना बाधते. मिक्श्चरच्या पाकिटावर मीठ असल्याचे लिहिले असेल, तर वरचे मीठ त्या प्रमाणात कमी करा. घरात सोयाबीन आहे म्हणून ते कच्चेच भरडून घालू नका. कच्च्या दाण्यातल्या घटकांमुळे प्रथिने पचत नाहीत. पेंड वापरा, नाहीतर दाणे नीट भाजून घ्या.

शिंपल्यांचा चुरा मुद्दाम या यादीत ठेवलेला नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला कवचासाठी रोज 3 ते 4 ग्रॅम कॅल्शियम लागते, पण तेवढे कॅल्शियम पिल्लांची आणि तलंगांची (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांची) मूत्रपिंडे बिघडवते. परसात सगळ्या एकत्र चरतात. म्हणून चुरा वेगळ्या डब्यात ठेवा, जिला गरज आहे ती खाते. अंड्याची टरफले चालतात, मात्र वाळवून पार बारीक करा. मोठे तुकडे टाकले तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागू शकते.

पिल्लांना पहिले 6 ते 8 आठवडे 20 टक्के प्रथिनांचे चिक स्टार्टर (पिल्लांचे खाद्य) द्या. मोठ्या कोंबड्या ते फस्त करतात, म्हणून बांबूचे डालगे पालथे घालून विटांवर दोन-तीन इंच उचला आणि खाद्य आत ठेवा. पिल्ले खालून शिरतात, कोंबडी बाहेर राहते.

प्रथिनांचा फुकटचा स्रोत म्हणजे वाळवी. मडक्यात ओलसर शेण, फाटके गोणपाट आणि पालापाचोळा भरून वाळवीच्या वारुळाजवळ संध्याकाळी पालथे घाला आणि सकाळी उचलून कोंबड्यांपुढे रिकामे करा. कीटकनाशक मारलेल्या जागी मात्र हे अजिबात करू नका.

संध्याकाळचे खाद्य सूर्यास्ताच्या तासभर आधी, रोज त्याच जागी, तीच थाळी वाजवून द्या. कोंबड्या आपोआप खुराड्याकडे येतात, मोजदादही होते. भांडे एक तृतीयांशच भरा, काठोकाठ भरलेले निम्मे मातीत जाते. दबलेल्या कोंबड्यांसाठी दुसरे भांडे लांब ठेवा, नाहीतर दांडग्या कोंबड्या त्यांना जवळ येऊ देत नाहीत. उरलेले खाद्य रात्री उचला, त्यावर उंदीर येतात.

पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतेच मिश्रण करा आणि पोते फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड वाळवून, शिजवून सुद्धा देऊ नका. बुरशीचे विष उष्णतेने जात नाही, ते कोंबडीचे यकृत खराब करते.

दिलेले पुरते का, हे अंधार पडल्यावर कळते. खुराड्यातून एक कोंबडी उचला आणि मानेच्या बुडाशी, उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. तिथली अन्नपिशवी फुगीर आणि मऊसर लागली तर खाद्य पुरेसे आहे. सपाट लागली तर मुठीने वाढवा. सकाळी सोडण्याआधीही ती कडक, भरलेलीच असेल, तर लांब गवत किंवा सुतळी अडकलेली असते. अशा कोंबडीला वेगळी ठेवा, दाणा बंद करून फक्त पाणी द्या आणि पशुवैद्यकाला दाखवा.